मुठीच्या टोकाचं कडं

माझ्यासमोर टेबलावर एक कडं आहे. काळ्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचं, बाहेरून १८ मिलिमीटर, आतून ११, जाडी अडीच. तळहातावर ठेवलं तरी जाणवत नाही, कारण ते भरतं जेमतेम एक ग्रॅम. मासेमारीचा रॉड स्वतः बांधायला घेतला की जे सुटे भाग घरी येतात, त्यांतला हा सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक. पहिला रॉड बांधणारा माणूस सगळा जीव दोरी ओवायच्या गाईडमध्ये आणि दोरा गुंडाळण्यात घालतो आणि कडं ‘बसेलच की’ म्हणून सोडून देतो. मीही तेच केलं होतं. म्हणून हे सगळं जरा सावकाश सांगावंसं वाटतं.

रॉडचा मुख्य भाग म्हणजे ब्लँक. कार्बन किंवा काचतंतूची पोकळ, निमुळती नळी. तिच्या बुडाकडे मूठ असते, मुठीच्या मध्ये रील बसवायची रील सीट. मूठ बहुतेक वेळा बुचाची असते. बूच म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. ती दर नऊ वर्षांनी काढतात, आणि जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. ही साल हाताला उबदार, हलकी, ओल्या हातातही न निसटणारी. पण तिची कड ठिसूळ. मुठीचा पुढचा तोंडाकडचा काठ उघडा राहिला तर तो होडीच्या काठाला, खडकाला, गाडीच्या डिकीला घासून तुटायला लागतो आणि बूच व ब्लँक यांच्यामधल्या फटीतून पाणी आत जातं. तिथे जे कडं बसतं त्याला रॉड बांधणारे विंडिंग चेक म्हणतात. त्याच्या पुढे जो दोरा गुंडाळतात त्याची सुरुवात या कड्याला टेकून होते. दोरा इथे थांबतो, म्हणून चेक. रील सीटच्या दोन्ही तोंडांना, बूच जिथे तिला भिडतं तिथे, जी कडी घालतात ती ट्रिम रिंग. एक कडं अगदी बुडाला, तिथे बसणाऱ्या टोपीच्या वरही घालता येतं. ते नुसतं शोभेचं असतं, त्यात शिकण्यासारखं फार काही नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे लाकडावर धातूचं कडं चढवण्याची जी पद्धत सगळ्यांनी पाहिली किंवा ऐकली आहे, ती म्हणजे बैलगाडीच्या चाकाची धाव. लोखंडी पट्टी चाकापेक्षा किंचित लहान करायची, लाल होईपर्यंत तापवायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि आरे, पाटे सगळं आवळून धरतं. हातातल्या काठीची शेंबीही अशीच, ठोकून घट्ट बसवलेली. त्यामुळे कडं म्हटलं की ते घट्ट हवं, हे आपल्या हाताला आधीच ठाऊक असतं. रॉडच्या कड्याच्या बाबतीत हा समज काढून टाकावा लागतो. हे कडं काहीही आवळत नाही, कसलाही भार घेत नाही. ते फक्त टेकून बसतं आणि झाकतं. त्याच्या आणि ब्लँकच्या मध्ये चारी बाजूंनी एक बारीक फट असली पाहिजे आणि ती फट चिकटवणाऱ्या इपॉक्सीने भरलेली असली पाहिजे.

हे मला दुसऱ्या रॉडने शिकवलं. कडं मुठीच्या सेंटिमीटरभर वरच अडकत होतं. मी त्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोके मारले. कडं सरकलं, बुचाला भिडलं, आणि इतकं घट्ट बसलं की गोंद लावायचीही गरज वाटली नाही. तिसऱ्या खेपेला खाडीवर गरवताना मोठा मासा लागला, रॉड वाकला आणि तुटला तो नेमका कड्याच्या काठाला. तुकडा घरी आणून भिंगाखाली पाहिला तेव्हा कार्बनच्या तंतूंवर सुरीने ओढावी तशी एक गोल रेघ उठलेली होती. नळी वाकते तेव्हा तिचा गोल आकार थोडा चपटा, अंडाकृती होतो. मुठीच्या आत बूच आणि गोंद तिला वाकू देत नाहीत, बाहेर आली की ती मोकळेपणाने वाकते. हा बदल जिथे होतो तिथेच कडं बसलेलं असतं. तिथे धातूची धारदार कड नळीला आवळून बसली तर सगळा ताण त्या एका रेघेवर येतो. एवढ्या मोक्याच्या जागी ठोकाठोक करायचीच नाही.

म्हणून पहिलं काम मापाचं. कडं मागवण्याआधी व्हर्निअर कॅलिपर हातात घ्यायचं. सध्या बांधतोय त्या रॉडचं उदाहरण घेऊ. सात फुटी, दोन तुकड्यांचा, खाडीतल्या जिताड्यासाठी. बुडाशी व्यास १२.५ मि.मी., शेंड्याला २, लांबी २१३ सेंटिमीटर. म्हणजे ब्लँक मीटरमागे साधारण ५ मि.मी. बारीक होत जातो, दर दोन सेंटिमीटरला ०.१ मि.मी. ब्लँकचा उतार सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे हा हिशेब अंदाजापुरता, पण तो समजला की कड्याचं वागणं समजतं. माझी मूठ बुडापासून ३८ सेंटिमीटरवर संपते. तिथे ब्लँक साधारण १०.६ मि.मी. भरतो. दुकानात कडी मिळतात अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यांनी. १०.५ बोअरचं, म्हणजे आतल्या व्यासाचं, कडं घेतलं तर ते मुठीच्या अडीच सेंटिमीटर वरच अडकेल. मापात फरक फक्त ०.१, पण निमुळत्या नळीवर तो दोन-अडीच सेंटिमीटरचा होऊन समोर येतो. ११ चं घेतलं तर ते सैलपणे खाली येतं आणि चारी बाजूंना जवळपास ०.२ मि.मी. फट राहते. मला तीच हवी आहे.

माप घेताना ब्लँक एकाच बाजूने मोजू नये. कॅलिपर साठ-साठ अंशांनी फिरवून तीन वेळा मोजावं, कारण कापडी थर गुंडाळून बनवलेली नळी पूर्ण गोल नसते, ०.०५ ते ०.१ मि.मी.चा फरक सर्रास निघतो. सगळ्यात मोठं माप धरायचं. ब्लँकवर रंग किंवा वॉर्निशचा जाड हात दिलेला असेल तर तो धरूनच मोजायचं. आणि मुठीची लांबी आधी पक्की करायची. मूठ पुढे-मागे एखाद्या सेंटिमीटरने हलली की कड्याचं माप बदलतं. मी उलटही करतो. घरात एखादं सुंदर कडं पडलेलं असेल तर ते ब्लँकवर सोडतो, ते जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करतो आणि मूठ त्या खुणेच्या थोडी वर संपेल अशी आखतो.

धातू कोणता, हा प्रश्न कोकणातल्या माणसाला पुण्यातल्या तलावावर जाणाऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचा. कार्बन विजेचा वाहक आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये खारं पाणी शिरलं तर तिथे एक छोटीशी बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. कड्याच्या आतून पांढरी भुकटी निघू लागली की समजावं. ॲनोडायझिंगचा थर म्हणजे आम्लात वीज सोडून ॲल्युमिनियमवर वाढवलेला त्याच्याच ऑक्साइडचा कठीण पापुद्रा. तो वीज वाहू देत नाही, पण बोअर मोठं करायला आतून कानस मारली की तो निघून जातो. म्हणूनही फट हवी. इपॉक्सीचा अखंड थर दोघांना कायमचं वेगळं ठेवतो. पितळ दिसायला देखणं, पण तेवढंच कडं साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतं आणि खाऱ्या हवेत काळवंडतं, हिरवट होतं. जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी नावालाही नसते, फक्त तांबं, निकेल आणि जस्त, ते बांबूच्या जुन्या रॉडांवर खुलतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बँगर गावच्या हायरम लेनर्डने १८७० च्या दशकात बांबूच्या चिरलेल्या सहा पट्ट्यांचे रॉड नावारूपाला आणले, तेव्हा तुकड्यांच्या जोडावरच्या धातूच्या नळीतून पाणी बांबूत जाऊ नये यासाठी त्याने बरंच डोकं लढवलं होतं. लाकूड, बूच किंवा बांबू जिथे उघडा पडतो तिथे धातू आणून पाणी अडवायचं, हा विचार तेव्हाही होताच. मी स्वतः खाडीच्या रॉडला ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम वापरतो, आतून कानस न मारता.

आता कडं हातात आलं. गोंदाची बाटली अजून दूरच ठेवायची. सगळे भाग टेबलावर ज्या क्रमाने चढणार त्या क्रमाने मांडायचे. ब्लँक बुडाला जाड असल्याने सगळं वरच्या, बारीक टोकाकडून खाली येतं. पहिल्यांदा मागची मूठ, मग मागची ट्रिम रिंग, रील सीट, पुढची ट्रिम रिंग, पुढची मूठ आणि शेवटी विंडिंग चेक. उतरंडीसारखं, मोठ्या तोंडाचं खाली. मधलं एखादं कडं घालायचं राहिलं आणि गोंद वाळला तर ते नंतर घालता येत नाही. मी क्रम कागदावर लिहून भिंतीला चिकटवतो. गोंद कालवल्यावर माणूस घाईत असतो, तेव्हा डोक्यावर विसंबून चालत नाही.

मग सगळं कोरडंच चढवून पाहायचं. इथे दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे रील सीटची चाकी. ज्या सीटमध्ये रीलचा पाय आवळणारी आट्याची चाकी पुढच्या मुठीच्या बाजूला असते, तिथे ती पूर्ण मागे घेतल्यावर ट्रिम रिंगला जाऊन अडते का ते खरंच रील बसवून आणि काढून तपासावं. अडत असेल तर कडं पातळ घ्यावं. रॉड बांधून झाल्यावर रील निघेना, ही तक्रार मी ऐकली आहे. दुसरी गोष्ट बुचाचं तोंड. कडं सपाट असतं, बूच हाताने घासलेलं असतं. तोंड किंचित तिरकं असलं तर कड्याच्या एका बाजूला बीजेच्या चंद्रकोरीसारखी फट दिसते आणि ती गोंदाने भरली तरी डोळ्याला खुपते. त्यासाठी मोठ्या वॉशरला १५० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवावा, वॉशरच्या भोकात टेप गुंडाळून ते ब्लँकवर हलकं सरकेल एवढं करावं आणि बुचाच्या तोंडावर टेकवून दोन बोटांनी फिरवावं. वॉशर ब्लँकला काटकोनात राहतो, म्हणून तोंडही काटकोनात घासलं जातं. पाच-सहा फेऱ्या पुरतात. बुचाचा बाहेरचा व्यास कड्याशी जुळवणंही आत्ताच करायचं. नंतर घासायला गेलं की पेपर कड्यावर ओढला जातो आणि काळ्या ॲनोडायझिंगवर रुपेरी ओरखडे उठतात. अगदी गरज पडली तर कड्यावर मास्किंग टेपचे दोन वेढे देऊनच बुचाला हात लावावा.

कड्याच्या आतल्या कडेवरून नख फिरवून पाहायचं. लेथवर कापलेल्या कड्याला बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत धार, राहिलेली असते. ४०० नंबरचा पेपर पेन्सिलीला गुंडाळून ती कड हलकेच मोडायची, बोअर मोठं न करता. मग कडं आणि ब्लँक दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. ब्लँकचा जेवढा भाग कड्याखाली येणार तेवढाच ३२० च्या पेपरने मंद करायचा. त्याआधी कडं जिथे संपणार तिथे ब्लँकभोवती टेपचा वेढा द्यावा, म्हणजे पेपर पुढच्या चकचकीत भागावर जात नाही.

आता ती ०.२ मि.मी.ची फट. कडं सैल आहे म्हणजे ते एका बाजूला कलंडणार, आणि वरून पाहिलं की ब्लँक त्याच्या मधोमध दिसणार नाही. यावर उपाय साध्या मास्किंग टेपचा. टेपचा एक थर साधारण ०.१३ मि.मी. जाड असतो. टेपचे दोन मि.मी. रुंद, कड्याच्या जाडीएवढ्या लांबीचे तीन तुकडे कापायचे आणि कडं जिथे बसणार तिथे ब्लँकवर उभे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर चिकटवायचे. अख्खा वेढा द्यायचा नाही. अख्ख्या वेढ्याने गोंदाची वाट बंद होते आणि टेपच्या खाली पाणी झिरपायला जागा राहते. तीन तुकड्यांनी कडं मधोमध राहतं आणि त्यांच्या मधून गोंद सगळीकडे पोचतो. रॉड दोन आधारांवर ठेवून हळूहळू फिरवायचा आणि कड्याच्या आतल्या काठाकडे एक डोळा मिटून पाहायचं. फट सगळीकडे सारखी दिसली की पुढे जायचं. या पाच मिनिटांवर कड्याचं सगळं दिसणं ठरतं.

रील सीटच्या ट्रिम रिंगची गोष्ट थोडी निराळी. सीटचा बोअर सोळा-सतरा मि.मी. असतो आणि ब्लँक त्याच्या आत बराच बारीक, म्हणून मध्ये भर घालावी लागते. टेपचे सेंटिमीटरभर रुंद वेढे, मध्ये अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा सोडून, किंवा तयार फोमची नळी. ट्रिम रिंगच्या खाली ही भर आलीच पाहिजे, नाहीतर कडं अधांतरी लोंबतं. मी बहुतेक वेळा ट्रिम रिंग आदल्या दिवशीच रील सीटच्या तोंडाला चिकटवून टाकतो. सीट टेबलावर उभी करून दोन्ही काठ बोटाने चाचपून सपाट जुळवता येतात. दुसऱ्या दिवशी सीट आणि कडं मिळून एकच भाग ब्लँकवर चढतो. सीटच्या आट्यांवर मात्र टेप गुंडाळलेली हवी, त्यांत गोंदाचा एक थेंब गेला तरी चाकी फिरत नाही.

गोंद सावकाश वाळणारा घ्यायचा. पाच मिनिटांवाला नको, कारण कडं जुळवायला, पुसायला आणि पुन्हा पाहायला अर्धा तास लागतो. दोन ट्यूबचा इपॉक्सी, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, दोन मिनिटं मन लावून कालवलेला. अंदाजाने हार्डनर जास्त घातला तर लवकर वाळतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नये, तो चिकटच राहतो. कडं मुठीपासून बोटभर वर आणून थांबवायचं. गोंदाचा पातळ थर ब्लँकवर, कडं जिथे बसणार तिथेच, आणि बुचाच्या तोंडावर अगदी विरळ हात. कड्याच्या जागेच्या वर गोंद लावायचा नाही, लावला तर कडं खाली येताना तो पुढच्या चकचकीत भागावर पसरवत येतं. मग कडं फिरवत फिरवत खाली आणायचं. फिरवल्याने गोंद फटीत सगळीकडे सारखा जातो. बुचाला टेकलं की एक हलका दाब, आणि पुढच्या काठातून गोंदाची बारीक गोल रेघ बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती रेघ सगळीकडून आली म्हणजे आत कुठेही पोकळी नाही. एखाद्या ठिकाणी आली नसेल तर कडं थोडं वर घेऊन तिथे गोंद द्यायचा.

पुसायला कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. अल्कोहोलमध्ये बुडवून निथळलेल्या, कारण ओली काडी लावली तर अल्कोहोल फटीत उतरून गोंद पातळ करतं. एका काडीने एकच फेरी, मग ती टाकून नवी. चार-पाच काड्या गेल्या तरी हरकत नाही. मग टेपच्या चार अरुंद पट्ट्या कड्याच्या तोंडावरून मुठीवर ओढून चिकटवायच्या आणि रॉड मूठ खाली ठेवून कोपऱ्यात उभा करायचा, म्हणजे कडं आपल्याच वजनाने बुचावर बसून राहतं. वीस मिनिटांनी पुन्हा पाहायचं. इपॉक्सी वाळताना आधी थोडा पातळ होऊन वाहतो आणि पुसलेल्या जागी नवा थेंब हमखास येतो. हा थेंब तेव्हा निघतो. दुसऱ्या दिवशी तो ब्लेडने खरवडावा लागतो आणि ब्लेड ब्लँकला लागतं.

कोकणात रॉड बांधायला सवड मिळते ती पावसाळ्यात, आणि इपॉक्सीला तोच काळ वाईट. जुलैच्या दमट हवेत हार्डनर हवेतला ओलावा धरतो आणि वाळलेल्या गोंदावर मेणचट, पांढुरका थर येतो. कड्याच्या आतल्या गोंदाचं त्याने फारसं बिघडत नाही, पण पुढे दोऱ्यावर जे चकचकीत फिनिश चढवायचं त्याचं मातेरं होतं. दारं-खिडक्या बंद, एसी किंवा निदान एक साठ वॅटचा बल्ब जवळ, आणि दुपारची वेळ, एवढं तरी पाळावं.

कधीकधी इतकं करूनही कडं तिरकं वाळतं. तेव्हा पक्कड घेऊ नये. धातू उष्णता झटकन आत नेतो, त्यामुळे कड्यावर उकळत्या पाण्याच्या किटलीची वाफ दोन-तीन मिनिटं धरली की आतला इपॉक्सी मऊ होतो आणि कडं कापडाने धरून फिरवत वर काढता येतं. हीट गन मी वापरत नाही. ब्लँकमध्येही अशीच राळ असते आणि तिला किती उष्णता पोचली हे डोळ्याला दिसत नाही.

चोवीस तासांनी टेप काढायची. रॉड हातात घेऊन हवेत एकदा झटकायचा आणि कान मुठीकडे ठेवायचा. कडं सुटं असेल तर बारीक टिक् असा आवाज येतो. काही ऐकू आलं नाही की नख बुचावरून कड्यावर आणि कड्यावरून परत बुचावर फिरवायचं. नख कुठे अडकू नये. मग ब्लँक स्टँडवर आडवा ठेवायचा, दोऱ्याचं टोक पहिल्या वेढ्यांखाली दाबून घ्यायचं, आणि पहिला वेढा कड्याला असा भिडवायचा की मध्ये काळ्या ब्लँकची रेघ दिसणार नाही. कडं काटकोनात बसलेलं असेल तर तो वेढा कुठेही वर-खाली न होता एका फेरीत पुरा होतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा.